यादीतलं बारावं नाव

रणजितचं पत्र आलं ते २०१० च्या जून महिन्यात, मी कॉलेजातून निवृत्त होण्याच्या आठवडाभर आधी. ग्रंथालयाच्या पत्त्यावर आलं होतं. मधू शिपायाने ते टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "जुन्या पोराचं दिसतंय सर. निरोपसमारंभाला येतो म्हणत असेल." मी मान हलवली. पाकिटावरचं अक्षर मी ओळखलं होतं. उघडायला मला दोन दिवस लागले. उत्तर द्यायला पंधरा वर्षं लागली.

पत्र एका पानाचं होतं. "सर, मी आता इथल्या कॉलेजात बास्केटबॉलचा सहायक प्रशिक्षक आहे, तासिका तत्त्वावर. तुम्ही करायचात तेच काम. पुढच्या आठवड्यात एका मुलाला सांगायचं आहे की तू बारा जणांत नाहीस. काय शब्द वापरावेत ते सुचत नाही. ९८ साली दिलीप सरांनी मला का बसवलं, ते मला कुणी सांगितलं नाही. त्यांना मी विचारणार नाही. यादी तुम्ही लिहायचात. मी खरंच इतका वाईट खेळत होतो का? तेवढंच सांगा. काय असेल ते चालेल."

ते पत्र मी पासपोर्टच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. तिथे का, हे मला नीट सांगता येणार नाही. बहुतेक मी घरातून निघताना ती पिशवी कधी विसरत नाही म्हणून.

मी स्वतः खेळाडू कधीच नव्हतो. चेंडू अंगावर आला की माझे डोळे आपोआप मिटतात. १९८१ साली एका सामन्याला गुणलेखक मिळेना, तेव्हा क्रीडाशिक्षक दिलीप सर ग्रंथालयात आले. "अहो ग्रंथपाल, तुमचं अक्षर चांगलं आहे. दोन तास येऊन बसा." दोन तासांसाठी गेलो तो एकोणीस वर्षं बसलो. आधी गुणलेखक, मग व्यवस्थापक, मग कागदोपत्री सहायक प्रशिक्षक. पोरांना पळवणं, ओरडणं, जिंकणं हे सरांचं काम. फाइल, याद्या, फॉर्म, कुणाचे किती फाउल झाले, कुणाला कावीळ होऊन गेलीय, हे माझं. "सहायकाला वर जायला जिना नसतो हो," सर म्हणायचे, "एक तर मी मेलो पाहिजे, नाहीतर तुम्ही कंटाळले पाहिजेत." मी कंटाळलो नाही. मैदानावर कुणी माझ्याकडे बघत नसे आणि तरी माझ्यावाचून अडायचं. माझ्यासारख्या माणसाला याहून चांगली जागा कुठली मिळाली असती?

१९९८ च्या डिसेंबरात इंदूरला निमंत्रित कॉलेजांची स्पर्धा होती. रेल्वेच्या संघासाठी खेळाडू हेरणारे दोघे तिथे येणार होते. रणजित शेवटच्या वर्षाला होता. तो निवडला जाणार हे आमच्या सगळ्यांच्या मनात ठरलेलंच होतं. पदवीनंतर पुढे काय, या प्रश्नाला त्याच्या घरी एकच उत्तर होतं.

प्रत्येक खेळाडूचा एक फॉर्म लागायचा, फोटो आणि प्राचार्यांची सही असलेला. निघायच्या आदल्या दिवशी फॉर्म तपासताना रणजितच्या फॉर्मवरचा फोटो निघालेला दिसला. मी ग्रंथालयातला गोंद लावून तो चिकटवला. ओला कागद आखडू नये म्हणून, पुस्तकाचं सुटलेलं पान चिकटवल्यावर आम्ही करतो तसा, तो फॉर्म एका जाड पुस्तकात दाबून ठेवला. सायबेरियाचं साडेपाचशे पानी प्रवासवर्णन होतं, गाडीत वाचायला घेतलेलं. उरलेले अकरा फॉर्म फाइलमध्ये ठेवले. ते पुस्तक पिशवीत गेलं, पिशवी गाडीत गेली आणि फॉर्म माझ्या डोक्यातून गेला.

इंदूरला पहिल्या संध्याकाळी व्यवस्थापकांची बैठक झाली. आयोजकांनी फॉर्म मोजून घेतले, त्यावरून यादी केली आणि बजावलं, की स्पर्धा संपेपर्यंत आता यात बदल होणार नाही. अकरा फॉर्म, अकरा नावं. मी फाइल तीनदा उलटी केली. मग बाहेर येऊन दिलीप सरांना सांगितलं.

"ऑफिसने दिलाच नसेल," ते म्हणाले.

"नसेल," मी म्हणालो.

त्यांनी सिगारेट पेटवली. मग म्हणाले, "हरिभाऊ, कागदांचा घोळ झालाय हे पोरांना कळलं तर ती तुम्हाला सोलून काढतील. पुन्हा तुमचं कुणी ऐकणार नाही. तुम्ही गप्प बसा. मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या संघासमोर ते म्हणाले, "रणजित, या वेळी तू बसणार. माझा निर्णय आहे. कुणी कारण विचारायचं नाही."

रणजितने कारण विचारलं नाही. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मी बुटाची नाडी बांधायला वाकलो. चार दिवस तो ट्रॅकसूट घालून बाकावर बसला, खेळून आलेल्यांना पाणी दिलं, टॉवेल दिले. रेल्वेचे दोघे आले, त्यांनी वही काढली, काहीतरी लिहिलं आणि निघून गेले. अंतिम सामना आम्ही तीन गुणांनी हरलो.

परतीच्या गाडीत रतलाम मागे पडल्यावर मी त्या पुस्तकाच्या तीनशे बाराव्या पानावर पोचलो. तिथे रणजितचा फॉर्म होता. फोटो छान घट्ट चिकटला होता. समोरच्या बाकावर रणजित खिडकीकडे तोंड करून बसला होता, हाताच्या अंतरावर. मी पुस्तक मिटलं.

तेव्हा बोललो असतो तर त्याची निवड परत मिळाली नसती, हे मी स्वतःला फार वेळा सांगितलं आहे. पण आपण वाईट खेळलो नव्हतो, एवढं तरी त्याला कळलं असतं. दिलीप सरांनाही मी फॉर्म सापडल्याचं सांगितलं नाही. बायकोला, शामलाला, सांगितलं नाही. ती गेली तेव्हा मी तिच्या लेखी फार सरळ माणूस होतो.

रणजितने खेळ सोडला. त्याच्या मित्रांनी सरांशी बोलणं सोडलं. दोन वर्षांनी सरांनीच प्रशिक्षकपद सोडलं. प्राचार्यांनी मला बोलावून "आता तुम्हीच सांभाळा" म्हटलं, तेव्हा मी नको म्हणालो आणि मैदानावर जाणंही बंद केलं. लोकांना ती निष्ठा वाटली. चार वर्षांपूर्वी सर गेले. शोकसभेत ओमकार नावाचा त्यांचा जुना खेळाडू म्हणाला, "सरांची सावली म्हणजे आपले हरिहर सर. असा सहायक होणे नाही." टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. मी उठून नमस्कार केला. ते आठवलं की अजून कान तापतात.

माझी मुलगी वैदेही गेली अकरा वर्षं नीउ-व्हेनेप या डच गावात राहते. मी दर वर्षी सप्टेंबरात नव्वद दिवसांच्या व्हिसावर येतो. येताना पाच पुस्तकं आणतो आणि खिडकीशी बसून वाचतो. तिची मुलगी गुंजन तेरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र ती तिला सोयीच्या भाषेत देते. गावातल्या क्लबात ती बास्केटबॉल खेळते. हे तिने माझ्याकडून घेतलं असं वैदेही सगळ्यांना सांगते. मी ते खोडून काढत नाही.

इथे सामन्याच्या टेबलावर पगारी माणसं नसतात. घड्याळ आणि गुणलेखन खेळणाऱ्यांच्या आईवडिलांनी पाळीपाळीने करायचं असतं. हंगामाच्या सुरुवातीलाच कुणाची पाळी कधी, याचा तक्ता येतो आणि तो कुणी चुकवत नाही. नोव्हेंबरातल्या एका शनिवारी वैदेहीची पाळी होती आणि तिला ताप आला.

"बाबा, तुम्ही बसाल? तुम्हाला तर सगळं येतं."

"मला आता काय येतंय? आणि तो टॅबलेट..."

"मागच्या वेळी माझ्या शेजारी बसून माझ्याच चुका काढत होता की."

गेलो. कागदाची सवय म्हणून खिशात वही आणि लाल-निळं पेन घेतलं. हॉलमध्ये रबराचा आणि ओल्या कोटांचा वास होता. माझ्या शेजारी घड्याळावर एका मुलीचे वडील होते, इतके उंच की टेबलाखाली त्यांचे गुडघे मावत नव्हते. मुख्य प्रशिक्षक बाहेरगावी होते. संघाची सगळी जबाबदारी यानेके नावाच्या त्यांच्या सहायक मुलीवर होती. ती वाखनिंगनच्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकते आणि शनिवारी घरी येते. टॅबवर आपल्या संघाच्या नावांपुढे खुणा करायचं काम तिचं. ते करताना तिला दोन फोन आले, एका मुलीचा बूट फाटला, दुसरीच्या केसांचं रबर हरवलं. तिने खुणा संपवल्या, मान्यतेचं बटण दाबलं आणि टॅब माझ्यापुढे सरकवला.

मी नावं मोजली. नऊ. बाकावरच्या मुली मोजल्या. दहा. पुन्हा मोजल्या. चौदा नंबर पडद्यावर नव्हता. चौदा नंबर गुंजनचा.

सामना सुरू व्हायला चार मिनिटं होती. सुरू होण्याआधी नाव घालता येतं. यानेके माझ्यापासून सहा पावलांवर होती. मी तोंड उघडलंसुद्धा. मग मनात आलं, की मुद्दाम बसवलं असेल. सरावाला उशीर केला असेल, काही बोलली असेल. इथल्या पद्धती मला काय माहीत? आणि मी तिचा आजोबा. मी विचारलं तर नातीसाठी वशिला लावतोय असं दिसेल. यादी ज्याची त्याची. त्या चार मिनिटांत मी स्वतःला इतकी कारणं दिली, की त्यांत सामना सुरू झाला.

दुसऱ्या भागात यानेकेने गुंजनला आत पाठवलं. गुंजन जॅकेट काढून, पोनीटेल घट्ट करून माझ्या टेबलाशी आली आणि गुडघे वाकवून तयारीत बसली. पंचांनी टॅबकडे पाहिलं, मग गुंजनच्या पाठीकडे पाहिलं आणि मान हलवली. यानेके धावत आली. पडदा पाहून तिने कपाळावर हात मारला. पंचांशी बोलली, समोरच्या संघाच्या प्रशिक्षकाशी बोलली. काही होण्यासारखं नव्हतं.

मग ती गुंजनसमोर उकिडवी बसली. स्वतःच्या छातीवर हात ठेवून काहीतरी बोलली. भाषा मला कळली नाही, हात कळला. मग उठून बाकावरच्या सगळ्या मुलींकडे वळली आणि तसाच हात ठेवून तेच बोलली. घड्याळ थांबलेलं होतं. माझ्या शेजारच्या उंच गृहस्थांनी ते पुन्हा सुरू केलं, तेव्हा एक मिनिटही गेलं नसेल. गुंजनने जॅकेट परत चढवलं, बाहीने डोळे पुसले. तिसऱ्या भागात मी पाहिलं तर ती बाकावर उभी राहून मैत्रिणींच्या नावाने ओरडत होती.

घरी जाताना ती सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत होती. कालव्याच्या कडेने वारा होता.

"यानेके तुला काय म्हणाली गं?"

"की ती माझं नाव टिक करायला विसरली. तिची मिस्टेक आहे, मी काही केलं नाही. मग टीमला पण सांगितलं, सो दॅट कुणाला वाटायला नको की मी पनिश्ड आहे." थोडं पुढे जाऊन ती थांबली. "आजोबा, यू वेअर सिटिंग राइट देअर. तुम्हाला दिसलं नाही?"

मी म्हणू शकलो असतो, की चष्मा नीट लागत नाही. तेही खरं वाटलं असतं.

"दिसलं," मी म्हणालो. "सुरू व्हायच्या आधीच दिसलं होतं."

"व्हॉट? देन व्हाय..."

"मला वाटलं तुला मुद्दाम वगळलं असेल. आणि विचारायला लाज वाटली."

ती माझ्याकडे बघत राहिली. "दॅट्स सो स्टोम, आजोबा." मूर्खपणाला इथली मुलं स्टोम म्हणतात. घरात तो शब्द चमचा पडला तरी निघतो. या वेळी तिने तो सावकाश उच्चारला. "मी आख्खा वीक सराव केला. लेअप शॉट येतो मला आता डाव्या हाताने."

"माझी चूक झाली, गुंजन. तू काहीच केलं नव्हतंस."

"ओके," ती म्हणाली. मग सायकल ढकलत पुढे निघाली. घराच्या वळणावर म्हणाली, "यानेकेने ॲटलीस्ट लगेच सांगितलं."

घरी आल्यावर मी कोट न काढता पासपोर्टची पिशवी उघडली.

रविवारी उत्तर लिहायला बसलो. पहिला मसुदा चार पानांचा झाला. त्यात त्या काळची ऑफिसं होती, फायलींची संख्या होती, गोंद वाळायला किती वेळ लागतो तेही होतं. वाचून पाहिला तर लिहिणाऱ्याची कीव येत होती. तोच माझा हेतू होता, हे कळल्यावर फाडला. दुसऱ्यात दिलीप सरांचा मोठेपणा इतका रंगवला होता, की माझा गुन्हा त्याच्या मागे दिसेनासा झाला. तोही फाडला. वैदेही ताप उतरून खाली आली होती. टेबलावरचे तुकडे पाहून म्हणाली, "बाबा, नंबर मिळवून फोन करा ना. व्हॉट्सॲप करा. पत्र कोण लिहितं आता?"

"त्याने पत्र लिहिलं होतं," मी म्हणालो. तिला त्या वेळी सगळं सांगितलं. तिने मध्ये एकदाही "जाऊ द्या" म्हटलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. शेवटी एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?" मी नाही म्हटलं. ती उठून चहा टाकायला गेली.

रणजित अजून त्याच कॉलेजात असेल का, ही मला शंका होती. गुंजनने कॉलेजचं नाव विचारलं आणि दोन मिनिटांत फोन माझ्यापुढे धरला. मुलींच्या संघाचा फोटो होता, याच वर्षीचा. कडेला एक रुंद खांद्यांचा, टक्कल पडलेला माणूस हातात फाइल धरून उभा. खाली लिहिलेलं: सहायक प्रशिक्षक.

"हा तुमचा प्लेअर? ही हॅज नो हेअर."

"तेव्हा होते."

पंधरा वर्षांनंतरही सहायक. त्याला वर जायला जिना मिळाला नाही, की त्याने मागितला नाही? जो माणूस आपण वाईट होतो असं धरून चालतो, तो पद मागायला जात नसेल. हे मला स्वतःवरून माहीत आहे. माझ्यावर तशी वेळ मी स्वतः आणली होती. त्याच्यावरही मीच आणली का, याचं उत्तर मला कधी मिळणार नाही. ते त्याला विचारण्याचा हक्कही मला नाही.

मंगळवारी मी तिसऱ्यांदा लिहिलं.

"प्रिय रणजित, तू वाईट खेळत नव्हतास. इंदूरला तुला दिलीप सरांनी बसवलं नाही. तुझा फॉर्म माझ्या हातून एका पुस्तकात राहिला, म्हणून तुझं नाव यादीत आलं नाही. सरांनी मला वाचवायला तो निर्णय स्वतःवर घेतला, आणि फॉर्म परतीच्या गाडीत मला सापडला हे त्यांनाही शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तू समोर बसला होतास आणि मी पुस्तक मिटलं. तुझ्या पत्राला मी पंधरा वर्षं उत्तर दिलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं. फॉर्म सोबत पाठवतो आहे. तो तुझा आहे. खाली माझा फोन नंबर आहे. तू तो वापरावास अशी अपेक्षा नाही. हरिहर."

क्षमा हा शब्द घालावा की नाही यावर मी सकाळभर अडलो. शेवटी घातला नाही. तो घातला असता तर त्याला काहीतरी देणं भाग पडलं असतं.

फॉर्म त्याच्या पत्राबरोबर पिशवीतच होता. एकवीस वर्षांचा रणजित, दाट केस, एक भुवई किंचित वर. गोंद पिवळा पडून फोटोच्या कडेने बाहेर आला आहे, पण फोटो हललेला नाही. मी तो पाकिटात घातला. फॉर्मवर आधीच एक घडी होती, पुस्तकातली. दुसरी घालावी लागली नाही.

शाळा सुटल्यावर गुंजन माझ्याबरोबर आली. सुपरमार्केटच्या काउंटरवर तिने परदेशी टपालाची तिकिटं मागितली आणि किती लावायची तेही विचारलं. समोरच रस्त्याच्या कडेला केशरी पेटी होती. तिला दोन फटी असतात. एक जवळपासच्या पत्त्यांसाठी, दुसरी बाकी सगळ्या जगासाठी. मी पाकीट हातात धरून उभा राहिलो.

"धिस वन," गुंजनने उजवीकडची फट दाखवली.

"पेटी कधी उघडतात?"

तिने पेटीवरची पट्टी वाचली. "पाचला. आता चार वीस."

म्हणजे चाळीस मिनिटं. तोपर्यंत इथे थांबलो, तर पेटी उघडणाऱ्याला विनंती करून पाकीट परत मागता येईल, हे माझ्या मनात आलं. असं मनात येणारा माणूस मी आहे, हे मला आता नवीन नाही. मी पाकीट आत सोडलं. ते कागदांवर पडल्याचा हलका आवाज आला. मी फटीत बोटं घालून पाहिलं, कुठे अडकलं तर नाही.

"गेलं," गुंजन म्हणाली. "चला ना आजोबा. थंडी वाजतेय."

आम्ही घरी आलो.